विलायतेतील दंतवैद्यकीचा परवाना : आधी हिशेब, मग विमान

व्यापारी आणि कारागीर घरांतील मुले-मुली आता दातांचे डॉक्टर होऊ लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. कालपर्यंत ज्या घरात वडील गल्ल्यावर आणि थोरला भाऊ कारखान्यात बसत असे, त्या घराच्या दारावर आज बी. डी. एस. ची पाटी लागते. पण पाटी लागून वर्ष होत नाही तोच घरात दुसरी चर्चा सुरू होते. मुलाला इंग्लंडला पाठवायचे! कोणी म्हणतो, तिकडे डेंटिस्टची टंचाई आहे. कोणी म्हणतो, अमक्याचा भाचा तिकडे जाऊन लाखांनी कमावतो. मग एजंट येतो, आणि आईच्या बांगड्या, गावाकडची जमीन, दुकानाचे भांडवल यांच्याकडे सर्वांची नजर वळते.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. जाण्याला विरोध नाही. हुनर असलेल्या माणसाने रोजीसाठी मुलूख ओलांडावा, यात गैर काहीच नाही. पण परवाना ही एजंटकडून विकत मिळणारी चीज नाही, आणि त्यात घालायचा पैसा हे घराचे भांडवल आहे. माल उचलण्यापूर्वी आपण भाव, मुदत आणि नुकसानीचा अंदाज काढतो. मुलाच्या बाबतीत तो का काढू नये?

टंचाई खरी, दार मात्र अरुंद

टंचाईची गोष्ट खोटी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात एका दवाखान्याने सरकारी आरोग्यसेवेचे नवे रुग्ण घ्यायला सुरुवात केली, तेव्हा रस्त्यावर शेकडो माणसांची रांग लागली आणि पोलिसांना यावे लागले. पण गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून कोणालाही दुकान मांडता येते असे नाही. इंग्लंडमध्ये १९२१ च्या कायद्यापासून नोंदणीशिवाय दातांचा व्यवसाय करण्यास बंदी आली. आजचा कायदा १९८४ चा आहे आणि नोंदवही जनरल डेंटल कौन्सिलच्या ताब्यात आहे. त्या वहीत नाव नसेल तर कितीही निष्णात डॉक्टर असला तरी त्याने रुग्णाच्या दाताला हात लावणे हा गुन्हा ठरतो.

आपली बी. डी. एस. पदवी तिकडे आपोआप चालत नाही. त्यासाठी परदेशी डॉक्टरांची नोंदणी परीक्षा द्यावी लागते. 'ओ. आर. ई.' म्हणतात ती हीच. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडची 'एल. डी. एस.' ही परीक्षा हा दुसरा मार्ग आहे. बहुतेक मुले पहिल्या मार्गाने जातात, म्हणून तिचाच तपशील देतो.

परीक्षेला बसण्यापूर्वीच दोन चाळण्या आहेत. इंग्रजीची आय. ई. एल. टी. एस. परीक्षा द्यायची असेल तर एकूण ७ आणि प्रत्येक विभागात किमान ६.५ गुण लागतात. शिवाय खुर्चीवरील रुग्णावर स्वतःच्या हाताने उपचार केल्याचे १,६०० तास दाखवावे लागतात. नुसते उभे राहून पाहिलेले तास त्यात धरत नाहीत. कॉलेजात असताना वही न ठेवलेल्या मुलांची येथेच पंचाईत होते, कारण चार वर्षांनी सही देणारे प्राध्यापक सापडत नाहीत.

परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला लेखी असून त्यात तीन-तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका संगणकावर सोडवायच्या असतात. दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. पुतळ्याच्या तोंडात बसवलेल्या प्लास्टिकच्या दातांवर खड्डा कोरणे, भरणे, कॅपसाठी दात घासून तयार करणे, रुग्णाशी बोलणे, निदान करून उपचार ठरवणे, आणि खुर्चीतच रुग्णाची तब्येत अचानक बिघडली तर काय करायचे ते करून दाखवणे.

हे आमच्या कारागीर बंधूंना चटकन समजेल. मिरजेचा सतारमेकर नव्या पोराच्या हातात पटाशी देतो, तेव्हा त्याच्या तोंडपाठ माहितीला विचारत नाही. लाकूड किती निघाले ते पाहतो. येथेही तसेच आहे. दात गरजेपेक्षा जास्त घासला की गुण गेले. म्हणून पुस्तकी हुशारीवर पहिला भाग पार करणारा मुलगा दुसऱ्या भागात अडखळतो, आणि महागडा भाग हा दुसराच आहे.

पैशाचा आणि मुदतीचा हिशेब

२०२४ मध्ये पहिल्या भागाची फी ५८४ पौंड आणि दुसऱ्याची ४,२३५ पौंड होती. त्या वर्षीच्या दराने दोन्ही मिळून पाच लाख रुपयांच्या आसपास रक्कम होते. ही झाली एकदा बसण्याची फी. विमान, लंडनमधील मुक्काम, व्हिसा, इंग्रजीची परीक्षा आणि पुतळ्यावर सराव करून देणाऱ्या क्लासचे पैसे वेगळे. नापास झाल्यास दुसऱ्या भागाची फी पुन्हा तेवढीच भरावी लागते. परीक्षेसाठी पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही. तेव्हा 'तिकडे काम करून खर्च काढू' हा विचार सोडूनच द्यावा.

पैशापेक्षाही मुदत अधिक महत्त्वाची. प्रत्येक भागाला चारच संधी मिळतात आणि पहिला भाग प्रथम दिल्यापासून पाच वर्षांत सर्व संपवायचे असते. पाच वर्षे पुष्कळ वाटतात, पण जागाच मिळाली नाही तर? २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा बंद पडल्या, त्या २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. तोवर रांग लांबलचक झाली होती. २०२३ मध्ये पहिल्या भागाच्या जागा दर खेपेला २०० वरून ६०० केल्या, पण दुसऱ्या भागाच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. नरसाळ्याचे तोंड रुंद करून नळी तशीच ठेवली तर तेल काठावरून सांडणारच.

पूर्वी एक पळवाट होती. परदेशी डेंटिस्ट आपल्या पदवीच्या आधारे दंत-आरोग्यतज्ज्ञ किंवा थेरपिस्ट म्हणून नाव नोंदवून परीक्षा होईपर्यंत कमाई करू शकत असे. मार्च २०२३ पासून तोही रस्ता बंद झाला आहे. एजंट अजून त्या रस्त्याचे नाव घेत असेल, तर त्याला उठून दरवाजा दाखवावा.

न्यायाची बाजू

आता इंग्लंडच्या कारभाराबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. परीक्षा घेण्याला आमची हरकत नाही. रुग्णाचे तोंड ही अमानत आहे, तिथे कच्चा हात चालणार नाही. पण युरोपीय संघातील देशांच्या मान्य पदव्या संघ सोडल्यावरही इंग्लंडने या परीक्षेविना स्वीकारणे चालू ठेवले, आणि आपल्याकडच्या डॉक्टरला मात्र परीक्षेच्या नुसत्या जागेसाठी महिनोन् महिने ताटकळावे लागते. जो नापास झाला त्याने पुन्हा अभ्यास करावा. ज्याला बसायलाच मिळाले नाही, त्याचा दोष काय? एकीकडे रस्त्यावर रुग्णांची रांग आणि दुसरीकडे डॉक्टरांची रांग, हा व्यवहार कोणत्याही दुकानदाराला पटणार नाही. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये तात्पुरत्या नोंदणीच्या योजनेवर लोकांची मते मागवली, यावरून ही अडचण त्यांनाही उमगलेली दिसते. पण कच्च्या योजनेवर पक्के भांडवल लावू नये.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'इंग्लंडचा परवाना मिळाला की सारा युरोप खुला' ही समजूत चुकीची आहे. जानेवारी २०२१ पासून तिथला परवाना युरोपीय संघात आपोआप चालत नाही. जर्मनीला जायचे तर जर्मन भाषा आणि तिथली मान्यता यांपासून नव्याने सुरुवात करावी लागते.

काय करावे

१. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असतानाच प्रत्येक रुग्णाच्या कामाची तारीखवार नोंद ठेवावी आणि दर महिन्याला सही घ्यावी.

२. इंटर्नशिप संपताच येथील दवाखाना किंवा नोकरी सुरू करावी. परीक्षेची तयारी तिच्याबरोबर चालवावी. हात चालू राहतो आणि घरावर भार पडत नाही. परवाना मिळेपर्यंत येथील खुर्ची विकू नये.

३. दुसऱ्या भागाच्या दोन वेळच्या फीची सोय असल्याशिवाय पहिल्या भागाला बसू नये. पाच वर्षांचे घड्याळ पहिल्या भागापासून चालू होते, हे विसरू नये.

४. अर्ज उमेदवाराने स्वतः कौन्सिलकडे करावा. फी आणि नियम बदलतात, म्हणून कौन्सिलची ताजी सूचना स्वतः वाचावी. 'जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

५. व्याजाच्या कर्जावर किंवा लग्नात मुलीकडच्यांकडून घेतलेल्या पैशावर हा बेत उभारू नये. मुलगा नापास झाला तर त्याची सजा सुनेला भोगावी लागते.

आमच्या जमातींना आणि शिक्षण संस्थांनाही एक विनंती आहे. सत्कार समारंभ पुष्कळ होतात. त्यातल्या दोन-चारांचा खर्च वाचवून एखाद्या शहरात सरावाचा पुतळा, मशीन आणि दिवा असलेले एक टेबल मांडता येईल. तेथे दहा मुलांनी पाळीपाळीने हात बसवला, तर प्रत्येकाला परगावच्या क्लासला पैसे भरावे लागणार नाहीत. बिनव्याजी कर्जफेडीची शिस्त पाळली तर तोच पैसा दरसाल नव्या मुलाच्या कामी येईल.

शेवटी एका मोठ्या माणसाची आठवण द्यावीशी वाटते. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९१५ मध्ये दंतवैद्यकीची पदवी घेतली. १९१९ मध्ये ते परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात देशातील पहिले डेंटल कॉलेज काढले. त्याचा खर्च भागवण्यासाठी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान चालवले. सरबताच्या पैशातून कॉलेज उभे राहिले! १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परदेशी गेलेल्या प्रत्येकाने परतलेच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. पण हुनर आणि हिशेब एका हातात असले म्हणजे माणूस कुठे पोहोचतो, हे या डॉक्टरांनी दाखवून दिले. आपल्या मुलांच्या हातात हुनर आले आहे. हिशेब तर आपल्या घरातच आहे. तो त्यांना शिकवणे आपले काम आहे.