शिफ्ट पाहून लिहिलेला डाएट चार्ट

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी निघताना आपण आहारतज्ज्ञ त्याच्या हातात डाएट चार्ट ठेवतो. त्यावर सकाळी आठ, अकरा, दुपारी एक, चार, संध्याकाळी सात अशा वेळा असतात. नऊ ते सहा ऑफिसात बसणाऱ्याला हा कागद चालून जातो. भोसरी, तळवडे, चिंचवड, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातला रुग्ण मात्र या आठवड्यात फर्स्टला असतो, पुढच्या आठवड्यात सेकंडला आणि त्यानंतर थर्डला. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आलेला माणूस आपल्या ‘नाश्त्याच्या’ वेळी झोपायला जातो. महिनाभर तो कागद फ्रिजवर चिकटलेला राहतो, मग निघतो. फॉलोअपला आल्यावर ‘पथ्य पाळत नाही’ अशी नोंद आपण त्याच्या नावावर करतो. ही नोंद अन्यायाची आहे. जो चार्ट पाळताच येणार नाही, तो लिहिण्याची जबाबदारी आपली आहे.

ही शस्त्रक्रिया आता मोजक्या श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली, तेव्हा ‘बेरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला. कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेममुळे तो शॉप फ्लोअरवरही आला. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासारखा विकार असेल आणि इतर उपाय करूनही वजन घटले नसेल, तर या शस्त्रक्रियेचा खर्च पॉलिसीत बसतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तर आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच विचार करावा असे म्हटले आहे. रुग्ण वाढणार आहेत. पण ऑपरेशनचे बिल भरणाऱ्या बहुतेक पॉलिसी पुढची आयुष्यभराची जीवनसत्त्वे, प्रोटीन पावडर आणि आपली फी यांतले काहीच भरत नाहीत. चार्ट लिहिताना रुग्णाच्या पगाराचा विचार त्यामुळेच करावा लागतो.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. त्याबरोबर भूक चाळवणाऱ्या घ्रेलिनचा मोठा स्रोतही जातो. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात वळवतात, त्यामुळे लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषणही घटते. पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताक-सूप, मग महिन्यापर्यंत वाटलेले मऊसर अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, हा क्रम आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बरेच जण दोन ते चार आठवड्यांत कामावर हजर होतात, हे आपण विसरतो. म्हणजे वाटलेल्या अन्नाच्या टप्प्यावर असतानाच हा माणूस कँटीनच्या रांगेत उभा राहतो.

त्या कँटीनमधला अर्धा तास जवळून पाहायला हवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली आणि २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली. हा अर्धा तास लाइन थांबल्यापासून मोजला जातो. हातमोजे काढा, साबणाने तेलकट हात धुवा, शेडमधून कँटीनपर्यंत चाला, रांगेत थांबा, ताट घ्या. बसेपर्यंत दहा-बारा मिनिटे सहज जातात आणि परतीची चार-पाच वेगळी धरावी लागतात. उरलेल्या पंधरा मिनिटांत भात, उसळ, दोन पोळ्या संपवण्याची सवय वीस वर्षांची. आपण सांगितलेले असते की वाटीभर अन्न वीस ते तीस मिनिटांत, प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावून खा, आणि जेवताना व जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका. दोन्ही एका वेळी होत नाही. तो घाईने चार घास गिळतो, छातीत दाटून येते, बाथरूममध्ये जाऊन उलटी करतो आणि पुन्हा लाइनवर उभा राहतो. घरी कुणाला सांगत नाही, अंगावर काढतो. काही दिवसांनी त्याला युक्ती सापडते: चहात बुडवलेले बिस्किट, फरसाण, चिवडा, गेटबाहेरचा वडापाव हे अडकत नाही, भुगा होऊन झरझर खाली उतरते. पुढे वजन पुन्हा चढू लागते ते इथून.

यावर उपाय आहे. मुख्य जेवण कँटीनच्या सुट्टीत ठेवूच नका. शिफ्टला निघण्यापूर्वी एक आणि घरी परतल्यावर एक अशी दोन निवांत जेवणे ठेवा. मधल्या सुट्टीसाठी चावायला कमी आणि प्रथिनाला भरपूर असे काही डब्यात द्या: घट्ट दही, कुस्करलेले पनीर, मऊ ऑम्लेट, घट्ट मुगाचे वरण. चहाच्या सुट्टीत सातूचे पातळ पेय किंवा दूध. कंपनीचे वैद्यकीय अधिकारी असतील तर त्यांच्या नावे दोन ओळींचे पत्र द्या की या कामगाराला पहिले तीन महिने जेवणासाठी दहा मिनिटे जास्त आणि जागेवर पाण्याची बाटली लागेल. हे पत्र आपण क्वचितच देतो. रुग्णाला स्वतःहून सुपरवायझरकडे मागायला संकोच वाटतो, कारण ऑपरेशन कशाचे झाले हे त्याने कुणाला सांगितलेले नसते. पत्रात ‘पोटाची शस्त्रक्रिया’ एवढेच लिहिले तरी पुरते.

पाण्याचा प्रश्न याहून तातडीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुन्हा दाखल होण्याच्या प्रमुख कारणांत निर्जलीकरण मोडते. या पट्ट्यात फाउंड्री, फोर्जिंग, पेंट शॉप आहेत आणि एप्रिल-मे आहे. पूर्वी हा माणूस सुट्टीत अर्धा लिटर पाणी एका दमात पीत असे, आता त्याला दोन घोटांपलीकडे जमत नाही. दिवसाला किमान दीड लिटर आणि उष्णतेच्या कामावर त्याहून अधिक द्रव हवे, तर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट हाच मार्ग उरतो. भट्टीजवळ काम करणाऱ्याला पहिले काही आठवडे दुसरीकडे काम द्यावे, ही शिफारस सर्जनच्या फिटनेस सर्टिफिकेटवर यायला हवी. ती आणायची असेल तर आपणच सर्जनला आठवण केली पाहिजे.

आता प्रथिने. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हे आपले उद्दिष्ट. आपल्याकडे आजाऱ्याला काय देतात? पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, वरणाचे पाणी. सगळे मायेने केलेले आणि जवळपास सगळे पिष्टमय. वरणावरच्या निवळ पाण्यात प्रथिने नावापुरतीच असतात, डाळ खाली राहते. घरातल्या आई-बायकोला ‘हे देऊ नका’ म्हणून परत पाठवण्यापेक्षा काय घालायचे ते सांगावे. पेजेत दोन चमचे दूध पावडर घातली तर पाचेक ग्रॅम प्रथिने वाढतात. वरण घट्ट घोटायचे. ३० ग्रॅम मुगाच्या डाळीत सात, दोन अंड्यांत बारा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा, ४०० मिली दुधात तेरा, २५ ग्रॅम सोया चंक्समध्ये तेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. ही बेरीज साठच्या पुढे जाते आणि यातले सगळे कुठल्याही किराणा दुकानात आणि डेअरीत मिळते. खोली करून राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या तरुणाला सत्तू सांगायला लागत नाही, फक्त त्याची मात्रा सांगावी लागते. पहिल्या महिन्यात हे प्रमाण अन्नातून गाठता येत नाही, तेव्हा पावडर लागतेच, पण ती कायमची नाही हेही स्पष्ट करावे.

प्रथिनांचा आग्रह आपल्याकडे जास्त का धरायचा, याचे उत्तर पुण्यातच सापडले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापून आली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांकडे स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असते. झपाट्याने वजन उतरताना प्रथिने कमी पडली तर तीही खर्च होते, आणि वजनकाट्यावर ते यश म्हणून दिसते. फॉलोअपला किलो विचारताना जिना चढताना दम लागतो का, पान्याला पूर्वीइतका जोर लागतो का, हेही विचारले पाहिजे.

याज्ञिक यांच्याच गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. म्हणजे आपला रुग्ण ऑपरेशन टेबलवर जातानाच बहुधा कमतरता घेऊन जातो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यात भरच पडते. बी-१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन यांची तपासणी आणि भरपाई शस्त्रक्रियेआधीच सुरू झाली पाहिजे. नंतर लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर, लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नाही, ही वाटणी त्या आठवड्याच्या शिफ्टनुसार लिहून द्यावी. थर्ड शिफ्टला चहावर रात्र काढणाऱ्यासाठी लोहाची वेळ झोपून उठल्यानंतरची.

एक धोका मात्र आपल्यापैकी प्रत्येकाने रुग्णाला वेगळा बसवून सांगावा. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या सुरू राहिल्या की तो संपतो. अशक्तपणा आला म्हणून हा माणूस वस्तीतल्या दवाखान्यात जातो आणि ‘ताकदीचे सलाईन’ मागतो. त्या बाटलीत ग्लुकोज असते. थायमिन नसताना ग्लुकोज गेले की उरलासुरला साठाही खर्ची पडतो आणि वर्निकी एन्सेफॅलोपथी होऊ शकते: डोळे नीट फिरत नाहीत, एकाची दोन दिसतात, तोल जातो, बोलणे भरकटते. वेळ गेली तर स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होते. तिथल्या डॉक्टरांना बरेचदा शस्त्रक्रियेची माहितीच नसते. म्हणून पाकिटात मावेल असे एक कार्ड द्या. त्यावर कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन आणि ठळक अक्षरांत एक ओळ: उलट्या होत असतील तर आधी थायमिन, मगच ग्लुकोज. त्याच कार्डाच्या मागे दुसरी ओळ: अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. आठ तास उभे राहणारा माणूस मेडिकलमधून या गोळ्या न विचारता घेतो, आणि बायपासच्या जोडावर व्रण होण्याचे ते एक मोठे कारण आहे. तंबाखू आणि बिडी-सिगारेटही त्यातच येतात. दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, हे पगाराच्या दिवशी नव्हे, डिस्चार्जच्या दिवशी सांगायचे. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस कमी झाला का, हेही विचारा. जुनीच ग्लिमेपिराइड चालू ठेवून मशीनवर रात्रपाळी करणाऱ्याची साखर उतरली तर हात मशीनमध्ये जाईल.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. देहू आणि आळंदी आपल्या दोन्ही हातांना आहेत, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. आषाढी, श्रावण, नवरात्र यांतले उपवास रुग्ण सोडणार नाही आणि ते सोडायला लावणे आपले काम नाही. पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्यावरचा उपवास म्हणजे प्रथिनाविना गेलेला दिवस. दूध, दही, पनीर, राजगिरा, भिजवून वाटलेले शेंगदाणे हे उपवासालाही चालते. निर्जळी मात्र नाही, हे ठामपणे सांगावे. श्रद्धेला मान देऊन सांगितलेले पथ्य लोक मनापासून पाळतात.

या अंकापासून वाचकांना आमची विनंती आहे. पुढच्या बेरिअ‍ॅट्रिक रुग्णाचा चार्ट लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: शिफ्ट कोणत्या आणि किती दिवसांनी बदलतात? जेवण कोण करते, की मेस आहे? काम उष्णतेचे आहे का? बरे वाटेनासे झाले तर पहिल्यांदा कोणत्या दवाखान्यात जाता? उत्तरे लिहून घ्या आणि एकाऐवजी तीन चार्ट द्या, फर्स्ट, सेकंड आणि थर्डचा. फॉलोअपची वेळ सुट्टीच्या वारी किंवा फोनवर ठेवा, म्हणजे त्याला हजेरी बुडवावी लागणार नाही. असे तीन चार्ट तुम्ही तयार केले असतील तर आमच्याकडे पाठवा. कामगार-रुग्णांसाठी नमुना चार्ट म्हणून ते पुढच्या अंकांत छापू, म्हणजे चाकणमध्ये एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या नव्या आहारतज्ज्ञालाही ते पहिल्या दिवसापासून वापरता येतील.