रंगाआडचा गंज

पावसाळा तोंडावर आला की सार्वजनिक उद्यानांतले झोपाळे, कुंपणे, फाटके यांवर नवा रंग चढतो. एखादा खांब जमिनीलगत मोडला, की ‘खारी हवा’ असे कारण देऊन फाइल बंद होते. किनाऱ्यावरची हवा खारी आहे, हे खरेच. ती पाइपच्या आत शिरली कशी, हे कोणी विचारत नाही.

पोकळ पोलादी पाइप सगळीकडून सलग वेल्ड करून बंद केला, तर तो आतून गंजून जाण्याचे भय जवळपास उरत नाही. आत कोंडलेल्या लिटरभर हवेतला सगळा ऑक्सिजन संपला, तरी एक ग्रॅम लोखंडही त्यात खर्ची पडत नाही. पुढे गंजायला काही उरतच नाही. घात होतो तो अर्धवट बंद पाइपचा. नुसते टाके मारून उरकलेला सांधा, वेल्डमधले बारीक छिद्र, टोकावरचे सैल प्लास्टिकचे टोपण, फलक लावण्यासाठी मागाहून पाडलेले भोक. दिवसा तापलेली हवा तिथून बाहेर पडते, रात्री ओलसर हवा आत ओढली जाते. पाणी बुडाशी साचते आणि खांब तिथेच कुजतो. वरून रंगाचे हात देणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उपाय जुनेच आहेत. सांध्याने आपोआप बंद न होणारे टोक पूर्ण बंद करा आणि त्याआधी आतला भाग कोरडा असू द्या, असे भारतीय मानक आयएस ८०६ सांगते. ते १९६८ सालचे आहे. पोलादी नळ्यांच्या सांगाड्याच्या छोट्या विमानांत तर गरम जवसाचे तेल आत फिरवून, निथळून, मग भोक बुजवण्याची पद्धत आहे. पाइप आतूनबाहेरून जस्तात बुडवून घ्यायचा असेल, तर मात्र भोके ठेवावीच लागतात. नाहीतर सुमारे ४५० अंश तापलेल्या जस्तात कोंडलेली हवा स्फोट घडवते.

मोजमाप पुस्तिकेत रंगाचे चौरस मीटर नोंदले जातात, बंद केलेली टोके नाहीत. बाहेरून जाडी मोजणारे अल्ट्रासॉनिक उपकरण हातात मावते. रंगाचा आदेश काढण्याआधी बुडाशी पाइपची जाडी मोजून लिहिण्याची सक्ती करावी. जाडी उरलीच नसेल, तर रंगावरचा खर्च हा धोका झाकण्याचा खर्च ठरतो.