चूक कचेरीची, व्याज शेतकऱ्याला



धरणात, रस्त्यात जमीन जाते. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात वर्षे जातात. निकाल लागला की वाढीव रकमेवर व्याज मिळते. २००९ च्या वित्त कायद्याने हे व्याज करपात्र ठरवले, त्यातून निम्मी वजावट दिली. पैसे देतानाच कर कापला जातो.

पुढे कचेरीत पॅनचा एक आकडा चुकतो किंवा विवरणपत्र भरायचेच राहते. कापलेला कर शेतकऱ्याच्या नावावर दिसत नाही. मग आयकर खात्याची नोटीस येते: कर भरा, वर दरमहा एक टक्का व्याज भरा. आपला परतावा सरकारकडे अडकला तर मात्र व्याज अर्धा टक्का! हा कुठला न्याय?

आम्ही सांगतो, कर दुसऱ्यांदा भरू नका. ज्या वर्षांना १९६१ चा आयकर कायदा लागू आहे, त्यांच्यासाठी कलम २०५ स्पष्ट आहे: जेवढा कर कापला, तेवढा पुन्हा त्याच माणसाकडे मागता येत नाही. कापणाऱ्याने तो भरला नाही म्हणून सक्तीची वसुली नको, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी अधिकाऱ्यांना कळवले आहे.

पण नोटीस आढ्यात खोचून ठेवू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या. निवाडा, फॉर्म १६-अ, पासबुकाची नक्कल जोडा. कर कापणाऱ्या कचेरीकडे दुरुस्ती विवरणपत्राची मागणी करा, पोच घ्या.

आमची मागणी एकच: ज्याची चूक, त्याने व्याज भरावे. बैठकीला कागद घेऊन या. एकट्याला हेलपाटे घालायला लावतात. सगळे मिळून गेलो तर उत्तर द्यावेच लागेल.