अरण्यांतील पाठशाळा

गेल्या वर्षाच्या आरंभीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मोठ्या काळजीनें आमच्याकडे आले. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंतील एका विद्यापीठांत जीवशास्त्र शिकत आहेत. उन्हाळ्याच्या सुटींत कोस्टारिका देशांतील पर्जन्यारण्यांत सहा आठवडे राहून करावयाचा एक अभ्यासक्रम विद्यापीठानें ठेविला असून तो घेण्याची आपली इच्छा आहे, असें त्यानें घरीं कळविलें होतें. खर्च बराच होता. "मास्तर, रानांत बसावयाला फी कसली? आणि रानच पाहावयाचें तर आमची आंबोली काय वाईट आहे?" असा त्या गृहस्थांचा प्रश्न होता.

त्या वेळीं आम्हीं त्यांचीच बाजू घेतली, हें येथें कबूल केलें पाहिजे. आतां आमचें मत बदललें आहे. पण सर्वस्वीं बदललेलें नाहीं.

कोस्टारिका हा मध्य अमेरिकेंतील लहानसा देश. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढें. १९४८ सालीं या देशानें आपलें सैन्यच मोडून टाकिलें. इतिहासाच्या शिक्षकांनीं ही गोष्ट वर्गांत अवश्य सांगावी. १९६३ सालीं तेथील विद्यापीठ व अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठें यांनीं मिळून उष्णकटिबंधाच्या अभ्यासासाठीं एक संस्था स्थापिली, आणि १९६८ सालीं लेस्ली होल्ड्रिज या वनशास्त्रज्ञाची ला सेल्व्हा नांवाची जागा विकत घेतली. तेथें वर्षास सुमारें चार मीटर पाऊस पडतो. आंबोलीस याहून अधिक पडतो, हें खरें. परंतु आपला पाऊस चार महिन्यांत पडून जातो व पुढें झाडांस कोरड सोसावी लागते. ला सेल्व्हास कोरडा असा महिना जवळजवळ नाहींच. तेव्हां आंबोली वाईट नाहीं, पण ती निराळी आहे, एवढें उत्तर त्या गृहस्थांस त्याच वेळीं देतां आलें असतें. आम्हांस तें ठाऊक नव्हतें.

वनस्पतिशास्त्राचीं पुष्कळशीं पुस्तकें थंड देशांतील रानें पाहून लिहिलेलीं आहेत. खोडाच्या आडव्या छेदांतील वलयें मोजावीं म्हणजे झाडाचें वय कळतें, असें आम्ही वीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. ज्या रानांत हिवाळा नाहीं व पानगळीचा ऋतु नाहीं, तेथील कित्येक झाडांत वर्षाचें असें स्पष्ट वलय उमटतच नाहीं, हें आमच्या ध्यानांतही आलें नव्हतें. दुसरें असें कीं, थंड देशाच्या रानांत बोटांवर मोजण्याइतक्या जातींचे वृक्ष असतात. येथें एका हेक्टरांत शंभराहून अधिक जाती आढळतात, आणि एका जातीचें झाड पाहिल्यावर तिचें दुसरें झाड शोधावयास बरेंच चालावें लागतें. असें कां व्हावें? १९७० सालीं डॅनियल जॅन्झन यांनीं व १९७१ सालीं जोसेफ कॉनेल यांनीं, परस्परांवर अवलंबून न राहतां, एकच उत्तर सुचविलें. मातृवृक्षाच्या पायथ्याशीं पडलेल्या बियांवर व रोपांवर त्या जातीचे कीटक व रोग तुटून पडतात. दूर गेलेलें बीं वांचतें. आणि मोकळ्या राहिलेल्या जागेंत दुसऱ्या जातींस वाव मिळतो. या उत्तरावर अद्याप वाद चालू आहे. पण हा प्रश्न वर्गाच्या खिडकींतून कोणास सुचला असता, असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचा विद्यार्थी अखेरीस गेला. त्याच्या पत्रांवरून तेथील क्रम असा दिसतो: पहांटे उठावें, चिखलांतून हिंडावें, गुरूंनीं प्रश्न घालूं नये तर तो विद्यार्थ्यानेंच शोधावा, मोजमाप करावें, आणि रात्रीं सर्वांसमक्ष उभें राहून त्याचा हिशेब द्यावा. यानें विषय घेतला पानें कापणाऱ्या मुंग्यांचा. शलमोनानें आळशास जिच्याकडे पाठविलें तिची ही दूरची आप्त. ही पानांचे तुकडे वारुळांत नेते, पण तेंच तिचें मुख्य अन्न नव्हे. त्या पानांवर ती एक प्रकारची बुरशी वाढविते व तिच्यावर वारुळाचें पोषण होतें. शेतकऱ्याच्या मुलास याचें कौतुक वाटावें, हें साहजिकच आहे. एका वाटेवरून तासाला किती तुकडे जातात, तें त्यानें सकाळीं आठपासून दुपारपर्यंत असें सात दिवस मोजलें, आणि हें वारूळ दुर्बळ आहे असा निष्कर्ष काढिला.

त्या केंद्रांत वाटा साफ ठेवणारा एक स्थानिक मनुष्य होता. त्यानें वही पाहिली नाहीं; नुसतें विचारलें, "रात्रीं आला होतास काय?" त्या रात्रीं विजेरी घेऊन दोघे गेले, तों वाट हिरव्या तुकड्यांनीं वाहत होती! दुसऱ्या दिवशीं या मुलानें सर्वांसमोर उभें राहून आपला सात दिवसांचा तक्ता खोटा ठरविला. शाळेंत असतां याच मुलास एक गुण कमी पडला तरी तो आमच्याशीं तासभर हुज्जत घालीत असे. आमचें मत बदललें तें या एका बातमीनें.

आतां न बदललेल्या मताविषयीं. श्रीमंत देशांच्या विद्यापीठांनीं गरीब देशांचीं रानें पाहावयास यावें, आणि तेथील माणसांनीं वाट दाखवावी, भात रांधावा व चिखलाचे बूट धुवावे, हा व्यवहार आम्हांस रुचत नाहीं. मिशनच्या शाळेंत वाढलेल्या आम्हांस परदेशांतून आलेल्या गुरूंचें ऋण ठाऊक आहे. पण त्या गुरूंस मराठी शिकविणारे पंतोजी कोण होते, हें जुन्या अहवालांत शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं, हेंही ठाऊक आहे. कोस्टारिकेंत याला चांगले अपवाद आहेत. वर सांगितलेल्या संस्थेनें लॅटिन अमेरिकेंतील विद्यार्थ्यांसाठीं स्पॅनिश भाषेंतूनही अभ्यासक्रम चालविले. जॅन्झन व त्यांच्या सहकारी विनी हॅलवॉक्स यांच्या खटपटीनें १९८९ पासून ग्वानाकास्ते प्रांतांतील खेडुतांस कीटक गोळा करून त्यांची वर्गवारी लावण्याचें शिक्षण मिळूं लागलें, आणि तेंच त्यांचें पोटाचें काम झालें. असें असेल तर फी भरावी, व कर्ज काढूनही भरावी. नसेल तर आंबोली बरी.

नाताळांत मुलगा घरीं आला, तेव्हां आपल्या प्रकल्पाचा छापील अहवाल आम्हांस दाखवावयास घेऊन आला. काम नेटकें होतें. रात्रीचीं मोजमापें स्वतंत्र तक्त्यांत दिलीं होतीं. आरंभीं दोन प्राध्यापकांचे व चार विद्यार्थ्यांचे आभार होते. रात्रीं ये म्हणून सांगणाऱ्याचें नांव कोठें आहे, असें आम्हीं विचारलें. त्यानें पानें उलटलीं, पुन्हां उलटलीं. त्या मनुष्यास सर्वजण एका लाडक्या नांवानें हाक मारीत. त्याचें पुरतें नांव विचारावयाचें राहूनच गेलें होतें.