ऋण काढून मोटार

टेमघरहून भिवंडीच्या गोदामात रोज राबायला जाणाऱ्या, महिना वीस हजार मिळवणाऱ्या तरुणालाही दारात मोटार असावी असे वाटते. ही आकांक्षा गैर नव्हे. पण हिशेब निष्ठुर आहे. पाच लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे 8,300 रुपये पडतो. व्याजापोटीच 1 लाख 97 हजार जातात. विमा, इंधन वेगळे. रोजी मिळवून देणाऱ्या टेम्पोसाठी काढलेले कर्ज निराळे आणि मिरवण्यासाठी काढलेले निराळे. हा विवेक केवळ तरुणांनाच शिकवून भागणार नाही. स्थळ पाहताना मुलाची बचत न विचारता दारातील मोटार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. ऋण काढून सण करण्याची प्रतिष्ठा समाजच देतो. ती समाजानेच काढून घ्यावी.