भूमध्य समुद्राकाठचे जेवण

भूमध्य समुद्राशी आमचा संबंध आजवर फळ्यापुरताच होता. विषय आमचा मराठी. परंतु सरकारी शाळेत शिक्षक थोडे आणि विषय फार, त्यामुळे नोकरीच्या आरंभीची काही वर्षे भूगोलही आमच्या माथी आला. ‘उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, पिके ऑलिव्ह, द्राक्षे, अंजीर’ हे आम्ही कितीतरी वर्गांकडून घोकून घेतले. प्रत्यक्ष ऑलिव्ह मात्र पन्नाशी उलटली तरी जिभेवर ठेवण्याचा योग आला नव्हता. तो गेल्या महिन्यातील एका रविवारी आला.

आमची कन्या हायटेक सिटीत नोकरी करते. “बाबा, रविवारी दुपारचे जेवण माझ्याकडून,” असे तिने फर्मावले आणि आम्ही उभयता काचीगुड्याहून निघून, अमीरपेठेला मेट्रोची गाडी बदलून तिच्या त्या उपाहारगृहात दाखल झालो. पांढऱ्या भिंती, निळी दारे, कुंडीत तुळशीसारखे दिसणारे परंतु तुळस नसलेले काही झुडूप. लाकडी मेजे, त्यांवर ना चादर ना काच. स्वस्त खाणावळीचा साधेपणा येथे बराच पैसा खर्चून आणलेला दिसत होता. कोपऱ्यातील मेजाशी आमचा पुतण्या बसला होता, आणि त्याच्या शेजारी अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे ज्येष्ठ बंधू. एकाच शहरात राहून अकरा वर्षे आमचे बोलणे नव्हते.

कारण वाचकांना अपरिचित वाटणार नाही. आमचे वडील निजामाच्या राजवटीत नांदेडकडून हैदराबादला नोकरीसाठी आले. १९५६ साली मराठवाडा इकडून वेगळा झाला, तेव्हा गावचे घर तिकडे राहिले आणि आम्ही इकडे. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, त्याच सुमारास अण्णांनी ते घर विकले. आमचा हिस्सा त्यांनी पैन्‌पैसह पाठवला. परंतु आम्हांस न विचारता विकले, हा आमचा आक्षेप. तो आम्ही एका पत्रात नऊ मुद्दे घालून, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन कळवला. पत्राचे उत्तर आले नाही. अण्णांनी त्याआधी दोनदा ‘गावी चल, छप्पर खचले आहे, काहीतरी ठरवू’ असे सांगितले होते आणि दोन्ही वेळा आम्ही परीक्षांचे कारण पुढे केले होते, ही गोष्ट त्या नऊ मुद्द्यांत नव्हती. २०२१ साली वहिनी गेल्या. करोनाचे दिवस होते, जाता येत नव्हते. खरे सांगावयाचे तर जाता येत नव्हते याचे आम्हांस बरेच वाटले. आम्ही शोकपत्र पाठवले.

तर अशा स्थितीत आम्ही समोरासमोर बसलो. मुलांनी हा कट रचला होता हे उघड होते. अण्णांनी आमच्याकडे पाहून मान किंचित हलवली आणि पाण्याचा पेला उचलला. सौभाग्यवती मात्र वाकून नमस्कार करून मोकळी झाली. स्त्रियांना ही एक सोय आहे.

येथे प्रत्येकाला वेगळे ताट मिळत नाही. लहान लहान बशा मध्यभागी मांडतात आणि गरम पोळीचे तुकडे मोडून सर्वांनी त्यांतूनच खावयाचे. या प्रकाराला ‘मेझे’ म्हणतात. मूळ शब्द फारसी, अर्थ चव. तोच शब्द तुर्कांकडे गेला तेव्हा ‘मेझे’ झाला आणि आपल्याकडे आला तेव्हा ‘मजा’. आमच्यासारख्या भाषेच्या मास्तराला एवढे सापडले की भूक निम्मी भागते. एरवी हे आम्ही लगेच सर्वांना ऐकवले असते. त्या दिवशी मनातच ठेवले.

पहिली बशी हुम्मुसची. अरबीत या शब्दाचा अर्थ हरभरा. शिजवलेले हरभरे, वाटलेले तीळ, लिंबू, लसूण. वरून ऑलिव्हचे तेल. शेती नुकतीच सुरू झाली तेव्हा, सुमारे दहा हजार वर्षांमागे, हरभरा माणसाळला तो तुर्कस्तानचा आग्नेय भाग आणि लगतचा सीरिया या टापूत. आपल्या झुणक्याचे आजोळ तिकडचे! तिळाचा प्रवास उलट दिशेचा. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तिळाचे दाणे सापडले, तीळ मूळचा आपल्याच भूमीतला. म्हणजे त्या एका बशीत तिकडून इकडे आलेला आणि इकडून तिकडे गेलेला, असे दोघेही होते. अण्णांनी पोळीचा तुकडा बुडवला, चाखला आणि पुतण्याला म्हणाले, “बगाऱ्या बैंगनात घालतात त्या तिळाची चव आहे.” हैदराबादी जीभ! बोलणे पुतण्याशी होते, तरी आम्ही मान डोलावली.

मग लबने आले. दही फडक्यात बांधून निथळलेले, म्हणजे सरळसरळ चक्का. मीठ आणि तेल घातलेला. “साखर घालावयास विसरले,” अण्णा म्हणाले. मुले हसली. आम्हीही हसलो असू. गुलाबी रंगाच्या लोणच्याच्या फोडींवरून थोडी चर्चा झाली. ते बिटाच्या रसात रंगलेले सलगम निघाले. फलाफल म्हणजे भिजवलेले हरभरे न शिजवता वाटून तळलेले वडे. इजिप्तमध्ये हरभऱ्याऐवजी तिकडचा एक वाल वापरतात. आमच्या मते त्याला हिरव्या मिरचीचा ठेचा हवा होता.

ऑलिव्हविषयी मात्र सांगितले पाहिजे. आम्ही जांभळासारखे समजून तोंडात टाकले आणि चेहरा वाकडा केला. कन्येने सांगितले की झाडावरचे ऑलिव्ह इतके कडू असते की खाताच येत नाही. आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, मिठाच्या पाण्यात मुरवावे लागते. भूगोलाच्या पुस्तकात हे नव्हते. दुसरे ऑलिव्ह आम्ही सावकाश खाल्ले. तिसरे मागून घेतले.

या आहाराची जगभर कीर्ती झाली ती अन्सेल कीज या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञामुळे. १९५८ साली त्यांनी सात देशांतील लोकांचे खाणे आणि हृदयविकार यांची पाहणी आरंभली. मौज अशी, की त्या सातांत इटली आणि ग्रीस होते, लेबनॉन नव्हते. आमच्यापुढील बशा मात्र बहुतेक लेबनॉनकडच्या. पुढे २०१० साली युनेस्कोने भूमध्य आहाराला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातले. त्या नोंदीत तेला-भाज्यांइतकेच महत्त्व एकत्र बसून जेवण्याला दिले आहे. तेल आणि भाजी बाजारातून आणता येते.

शेवटी जी बशी आली तिचे नाव ‘बाबा गनूश’. सौभाग्यवतीने एक घास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, “अहो, हे तर भरीत!” विस्तवावर भाजलेले वांगे, साल काढून ठेचलेले, धुराचा तोच वास. फक्त शेंगदाण्याच्या जागी तीळ. आता आमच्याने राहवेना. आम्ही वांग्याची वंशावळ सुरू केली: संस्कृतात वातिंगण, फारसीत बादिंगान, अरबीत अल्-बादिंजान, तेथून फ्रेंचांचे ओबर्जीन, पोर्तुगीजांनी त्याचे बेरिंजेला केले आणि तेच पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊन इंग्रजीत ब्रिंजल झाले. घरचा मुलगा जग फिरून आला आणि दारात कोणी ओळखले नाही, असे काहीतरी आम्ही बोलत होतो, तेव्हा ध्यानात आले की अण्णांचा हात बशीपाशीच थांबला आहे.

“ती भरताचे वांगे गोवऱ्यांवरच भाजायची,” अण्णा म्हणाले. “गच्चीवर. फ्लॅटमधले लोक तक्रार करायचे.”

कोणी काही बोलले नाही. वहिनींच्या हातचे भरीत आम्ही वीस वर्षे खाल्ले होते. मुंजीच्या वर्षी आम्हांस गोवर निघाला, तेव्हा रात्र-रात्र उशाशी बसलेले अण्णाच होते, तेही त्या क्षणी आठवले. “अण्णा, मी तेव्हा यायला हवे होते,” आम्ही म्हणालो. एवढेच निघाले, मुद्दे नव्हते, क्रमांक नव्हते.

अण्णांनी उरलेल्या पोळीचे दोन तुकडे केले, एक आमच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “खा, निवते आहे.”

बिल कन्येने आणि पुतण्याने भ्रमणध्वनीवरून परस्पर चुकते केले. आम्हां दोघांचेही हात खिशाकडे जाऊन परत आले. बाहेर ऊन फार होते. रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघे एका बंद दुकानाच्या सावलीत उभे राहिलो. घराचा विषय निघाला नाही. अण्णांनी गुडघ्यांची विचारपूस केली, आम्ही त्यांच्या रक्तदाबाची. रिक्षात पाय ठेवता ठेवता ते वळले.

“हेडमास्तर, तुझ्या त्या पत्रात सातव्या मुद्द्यात ‘वास्तुशांत’ लिहिले आहेस ना, त्यातला उकार तू दीर्घ काढला आहेस. सामासिक शब्द आहे तो. ऱ्हस्व हवा.”

आणि रिक्षा गेली. त्या रात्री कपाटाच्या खालच्या खणातून आम्ही आमच्याजवळची प्रत काढून पाहिली. दीर्घच होता.