लिनक्सच्या पडद्यावरचं बटण कुठे गेलं?

उबुंटू किंवा फेडोरा सुरू केलं की समोर येतो तो ग्नोम डेस्कटॉप. एप्रिल २०११मध्ये त्याच्या तिसऱ्या आवृत्तीने विंडोच्या कोपऱ्यातलं मिनिमाइज बटण काढून टाकलं. टास्कबारच नाही, तर विंडो ठेवायची कुठे? तर्क बरोबर होता, पण लोकांचा हात त्याच कोपऱ्याकडे जात राहिला. खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईकडे वळले. २०१७मध्ये उबुंटू ग्नोमकडे परतलं ते बटणं आणि डॉक जोडूनच. इतरत्र डॉकसाठी एक्स्टेन्शन टाकावं लागतं. खरी डोकेदुखी तिथेच आहे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि जुनी एक्स्टेन्शन्स अनेकदा बंद पडतात. पडदा सुटसुटीत राहतो, डॉक मात्र पुन्हा शोधावा लागतो.